प्रथमदर्शन आणि ओळख



ठाणें, डोंबिवली किंवा कल्याण येथें राहणाऱ्या आपणांपैकीं बहुतेकांचा आगगाडीशीं नित्याचा संबंध आहे. १८५३ सालीं एप्रिलच्या १६ व्या तारखेस बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत उतारूंची पहिली गाडी धांवली, आणि पुढच्याच वर्षीं ती कल्याणपर्यंत जाऊं लागली. तेव्हांपासून ह्या मुलखांत एक नवीनच गोष्ट घडूं लागली. ज्यांची जात, भाषा, धर्म आणि धंदा अगदीं निरनिराळे, अशीं माणसें एका बांकावर येऊन बसूं लागलीं. परंतु एका बांकावर बसणें म्हणजे ओळख होणें नव्हे. डब्यांत पाऊल टाकतांच आपण समोरच्या माणसाकडे एकदां पाहतों. त्याचा पोशाख, बोलण्याची धाटणी, हातांतलें गांठोडें ह्यांवरून मनाशीं त्याची किंमत ठरवितों, आणि मग खिडकीकडे तोंड वळवितों. घाईनें ठरविलेल्या ह्या किंमतीस आपण प्रथमदर्शनाचा ग्रह म्हणूं.

प्रवासांत हा ग्रह फारसें नुकसान करीत नाहीं. स्थानक आलें कीं ज्याची वाट त्याला मोकळी होते. परंतु जो मनुष्य दुसऱ्यास कांहीं हिताची गोष्ट सांगावयास निघाला आहे, त्याच्या वाटेंत हा मोठाच धोंडा आहे. ख्रिस्ती सेवेसाठीं गांवोगांव जाणाऱ्यास पदोपदीं अनोळखी माणसें भेटतात. त्यांच्याविषयीं त्याच्या मनांत जसा ग्रह असतो, तसाच त्याच्याविषयींहि त्यांच्या मनांत असतो. दोहों बाजूंचे हे ग्रह कशानें दूर होतात, हें प्रथम शुभवर्तमानांतील एका प्रसंगावरून व नंतर आपल्याच मुलखांतील दोन उदाहरणांवरून पाहूं.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या चवथ्या अध्यायांत येशू ख्रिस्त व एक शोमरोनी स्त्री ह्यांच्या भेटीची हकीकत आहे. यहूदी व शोमरोनी ह्यांच्यांत अनेक पिढ्यांचें वैर होतें. एकमेकांशीं त्यांचा व्यवहार नसे. भर दुपारीं, प्रवासानें थकलेला प्रभु याकोबाच्या विहिरीपाशीं बसला आहे आणि ती स्त्री पाणी भरावयास आली आहे. त्यानें प्रथम काय केलें? उपदेशास सुरुवात केली नाहीं, तिच्या आयुष्यांतील दोषहि काढले नाहींत. त्यानें तिच्यापाशीं प्यावयास पाणी मागितलें. ती चकित झाली, कारण तिच्या हातचें पाणी हा मनुष्य मागेल अशी तिची कल्पनाच नव्हती. पाणी मागण्याचा हा अर्थ आपल्या लोकांस समजावून सांगावयास नको. पाण्यावरूनच माणसास दूर ठेवण्याची रीति आपल्या देशांतहि होती, आणि १९२७ सालीं महाडच्या चवदार तळ्याचें पाणी प्राशन करून डॉ. आंबेडकर व त्यांचे सहकारी ह्यांना माणुसकीचा हक्क बजावावा लागला. विहिरीवरचें सर्व संभाषण त्या एका मागणीपासून सुरू झालें. ज्याला द्यावयाचें होतें, त्यानें आधीं हात पुढें केला. ह्या धड्याचें सार एवढेंच आहे. पुढील उदाहरणें त्याच्या स्पष्टीकरणार्थ आहेत.

पहिलें उदाहरण ठाण्याचें. इ. स. १३२१ मध्यें इराणच्या बाजूनें समुद्रमार्गें पांच परदेशी ख्रिस्ती साधु ठाण्यास उतरले. त्यांपैकीं चौघे फ्रान्सिस्कन संघाचे होते: टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा देमेत्रियस. जॉर्डन नांवाचा पांचवा साधु डॉमिनिकन संघाचा होता. त्या काळीं ठाण्यास नेस्तोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांचीं कांहीं घरें होतीं. त्यांतील एका घरीं ह्या पाहुण्यांस आसरा मिळाला. जॉर्डन सोपाऱ्याकडे गेला असतां मागें विपरीत घडलें. यजमानाच्या घरांतील पतिपत्नींचें भांडण काजीपर्यंत गेलें. पाहुण्यांस साक्षीसाठीं बोलावण्यांत आलें. साक्षीवरून गोष्ट धर्मवादावर गेली, आणि वाद विकोपास जाऊन त्याच एप्रिल महिन्यांत चौघांसहि ठार मारण्यांत आलें. जॉर्डन परत फिरला तो मित्रांचीं प्रेतें सोपाऱ्यास नेऊन पुरण्यासाठींच.

त्या चौघांच्या धैर्याविषयीं शंका नाहीं, आणि त्यांच्या वधाचें समर्थन कोणी सुज्ञ मनुष्य करणार नाहीं. परंतु त्या न्यायसभेंतील माणसें एकमेकांस पूर्णपणें परकीं होतीं, ही गोष्ट विसरतां येत नाहीं. ओळख होण्याआधींच वाद झाला, आणि नंतर ओळखीस अवसर उरला नाहीं.

आतां मागें राहिलेल्या जॉर्डनचा विचार करा. तो एकटा, परमुलखांत, भाषा अपुरी, सोबती मारले गेलेले. ह्या देशाविषयीं त्याच्या मनांत कायमची अढी बसली असती तर त्यास कोणी दोष दिला असता काय? तरीहि तो ह्या किनाऱ्यावर राहिला. ठाण्याहून त्यानें आपल्या संघबंधूंस लिहिलेल्या पत्रांत सोसलेल्या हालांचें वर्णन आहे. पुढें १३२९ सालीं पोपनें त्यास कोल्लम येथील बिशप नेमिलें. त्याच सुमारास त्यानें पूर्वेकडील देशांच्या नवलाविषयीं लॅटिन भाषेंत एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्यांत आपला फणस, आंबा व नारळ ह्यांचें कौतुक आहे. प्रेतें न पुरतां व न जाळतां छप्पर नसलेल्या बुरुजांत ठेवणाऱ्या अग्निपूजकांची हकीकत आहे. आणि ज्या प्रांतांत आपलें ठाणें येतें त्या प्रांतांतील लोक खाण्यापिण्यांत स्वच्छ, बोलण्यांत सत्यवादी व न्यायाची चाड बाळगणारे आहेत, असा स्पष्ट अभिप्रायहि आहे. इथल्या सर्वच चालीरीति त्यास रुचल्या होत्या असें नाहीं. परंतु ज्या गांवीं आपले चार मित्र मारले गेले, त्या मुलखाच्या लोकांस सत्यवादी म्हणावयास मनाचा केवढा मोठेपणा लागतो! प्रथमदर्शनाचा नव्हे, तर प्रथम आघाताचा ग्रह त्यानें मागें टाकला. तो लोकांत राहिला, पाहत राहिला, विचारीत राहिला, म्हणूनच त्याला हें साधलें.

दुसरें उदाहरण कल्याणच्या एका विद्यार्थ्याचें आहे. १८६९ पासून १८७३ पर्यंत कल्याणच्या शाळेंत नारायण नांवाचा एक मुलगा शिकत होता. तोच पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्या नांवानें महाराष्ट्रास कवि म्हणून परिचित झाला. कल्याण सुटल्यावर त्यानें नाशिकास गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशीं संस्कृत काव्याचा अभ्यास केला. पुढें नागपुरास असतांना टिळकांच्या मनांत धर्माविषयीं मोठी खळबळ चालली होती. १८९३ सालीं नोकरीनिमित्त ते राजनांदगांवास आगगाडीनें निघाले. डब्यांत एक गोरा गृहस्थ बसलेला होता. त्या काळीं साहेब ज्या डब्यांत असे, तेथें शिरतांना देशी उतारूची छाती धडधडे. हा आपणांस अपमान करून खालीं उतरवील, अशीच बहुधा अपेक्षा असे. टिळकांच्या मनांतहि तीच शंका होती. परंतु त्या गृहस्थानें सौजन्यानें त्यांस जागा करून दिली आणि बोलणें सुरू केलें. तें बोलणें धर्मावर सुरू झालें नाहीं, संस्कृत कवींवर सुरू झालें. टिळकांपाशीं जें धन होतें, तें त्यानें आधीं पाहावयास मागितलें. मग ओघानेंच गोष्ट ख्रिस्ती धर्मावर आली. उतरण्यापूर्वीं त्यानें टिळकांस नव्या कराराची एक प्रत दिली, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असें भाकितहि केलें.

टिळकांनीं वाचण्याचें वचन दिलें व तें पाळलें. आरंभीं त्या पुस्तकांत त्यांचें मन रमेना. परंतु डोंगरावरील प्रवचनापाशीं आल्यावर तें खालीं ठेववेना. १८९५ सालीं फेब्रुवारीच्या १० व्या तारखेस मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. गाडींतल्या त्या गृहस्थाचें नांव अर्नेस्ट वॉर्ड. तो फ्री मेथडिस्ट मंडळीचा मिशनरी होता. कल्पना करा, त्या दिवशीं तोंड वळवून तो खिडकीबाहेर पाहत बसला असता, किंवा टिळक आंत डोकावून दुसऱ्या डब्याकडे गेले असते, तर मराठी ख्रिस्ती मंडळीच्या भजनांचा इतिहास केवढा निराळा झाला असता!

परंतु ह्या कथेची दुसरी बाजू न सांगणें अप्रामाणिकपणाचें होईल. टिळकांच्या धर्मांतरानें त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई ह्यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. पतिपत्नींची कांहीं वर्षें ताटातूट झाली. पुढें त्या टिळकांकडे नगरास आल्या, तरी आपलें सोवळेंओवळें पाळीत राहिल्या. टिळकांनीं त्यांच्यावर धर्माची सक्ति केली नाहीं. माणसामाणसांतील शिवाशिवीचा भेद खरा नव्हे, हें लक्ष्मीबाईंस त्यांच्याच विचारानें पटत गेलें, आणि १९०० सालीं त्यांनीं स्वतः होऊन बाप्तिस्मा घेतला. १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘स्मृतिचित्रें’ ह्या आत्मचरित्रांत हा सर्व प्रवास त्यांनीं निर्मळ विनोदानें सांगितला आहे. आपल्या पालकांनीं तो घरीं अवश्य वाचावा. ओळखीस वेळ द्यावा लागतो, आणि जवळच्या माणसांसहि तो वेळ द्यावा लागतो, हें त्यावरून कळतें. गाडींतल्या अनोळख्याशीं गोड बोलणारा मनुष्य घरच्या माणसाच्या दुःखाविषयीं पुष्कळदां आंधळा असतो.

येथें प्रस्तुत लेखकाच्या एका चुकीचा उल्लेख केल्यास अस्थानीं होणार नाहीं. एकदां कांहीं विद्यार्थ्यांस घेऊन तो मुरबाडच्या बाजूच्या एका कातकरी पाड्यावर गेला होता. मुलांनीं भजन सुरू केलें. बाकीचीं माणसें जमलीं. परंतु एक मनुष्य आपल्या झोंपडीच्या दारांत आमच्याकडे पाठ करून बसून राहिला. हा उद्धट व तऱ्हेवाईक आहे, असें लेखकानें मनाशीं ठरवून टाकलें. इतक्यांत तहान लागल्यामुळें एक लहान विद्यार्थी त्याच्यापाशींच पाणी मागावयास गेला. तो उठला, माठांतलें पाणी त्यानें मुलास दिलें, आणि हळूच म्हणाला, “पोराला ताप हाय. दोन रातींनी आतां कुठं डोळा लागलाय.” आमचें भजन तत्काळ थांबलें. तिसऱ्या प्रहरीं आमच्यांतील दोघे त्या बापलेकांबरोबर सरकारी दवाखान्यापर्यंत गेले. त्या पाड्यावर आज आमचें स्वागत होतें तें त्या दिवसामुळें. परंतु तें श्रेय लेखकाचें नव्हे. ज्या मुलानें पाणी मागितलें त्याचें आहे.

ह्यावरून सुटीच्या दिवसांत सेवेस जाणाऱ्या विद्यार्थ्यांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत धराव्या. दारीं गेल्यावर आधीं नांव विचारावें, आपलें सांगावें, आणि मोठ्या माणसास काका, मावशी, आजोबा असें त्याच्या वयास शोभेल तें संबोधन लावावें. बसावयास घोंगडी दिली तर घोंगडीवर बसावें, पाणी दिलें तर प्यावें. आगरी, कातकरी, ठाकूर, घाटावरचा शेतकरी ह्यांच्या बोलीस हंसूं नये. त्या बोलींतला एखादा शब्द त्यांच्यापाशींच शिकून घ्यावा. तें शेतीविषयीं, मासेमारीविषयीं किंवा रानांतल्या पाल्याविषयीं जें जाणतात तें विचारावें, कारण त्या विषयांत ते गुरु व आपण शिष्य असतों. मात्र हें विचारणें गळाला लावलेलें आमिष होतां कामा नये. खोटी आस्था माणसास तेव्हांच कळते, आणि मग पुढचा खरा शब्दहि तो खोटाच समजतो. शेवटीं, फळ मोजीत बसूं नये. गाडींत भेटलेल्या त्या गृहस्थानें एक पुस्तक दिलें व आपल्या वाटेनें निघून गेला.

आपल्या शाळेंत ख्रिस्ती विद्यार्थी आहेत, तसेच हिंदु, मुसलमान व इतर धर्मांचेहि आहेत. हा धडा सर्वांसाठीं आहे. वर्गांत नव्यानें आलेला, निराळ्या भाषेचा मुलगा पहिल्या दिवशीं एकटाच बसतो. त्याला आपली वही देऊं करणें चांगलेंच आहे. परंतु त्याच्यापाशीं एखादें गणित समजावून मागणें त्याहून चांगलें. पहिल्या गोष्टीनें तो आपला ऋणी होतो. दुसरीनें तो आपला मित्र होतो.

उद्यां सकाळीं ठाण्यास, डोंबिवलीस किंवा कल्याणास गाडींत चढाल, तेव्हां समोरच्या बांकावर कोणी तरी बसलेलें असेलच. त्याची किंमत ठरविण्याआधीं त्याच्यासाठीं थोडें सरकून जागा करा. पुढचें कार्य देवाच्या हातीं आहे.