एका ओळीवर एकच अट

प्रिय सानिका,


कोडमधली एसक्यूएल क्वेरी एकाच लांबलचक ओळीत लिहिली तरी डेटाबेस निमूट चालवतो, मग ओळी पाडत बसण्यात वेळ का घालवायचा, असं तू विचारलंस. डेटाबेसला मांडणीचं सोयरसुतक नाही हे खरंच. म्हणूनच तिची जबाबदारी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांवर येते. ‘शहर पुणे ऑर शहर नाशिक अँड बाकी शून्याहून जास्त’ अशी अट कंस न घालता लिहिलीस, तर अँडचा अंमल ऑरच्या आधी होतो आणि पैसे चुकते केलेले पुण्याचे ग्राहकही थकबाकीच्या यादीत येतात. एरर येत नाही, त्यामुळे चूक लपून राहते. प्रत्येक अट स्वतंत्र ओळीवर, अँड-ऑर ओळीच्या सुरुवातीला आणि कंसातला मजकूर एक पायरी आत घेतला, की राहिलेला कंस लगेच नजरेत भरतो. शिवाय गिट बदल ओळीनुसार दाखवतं. सगळी क्वेरी एका ओळीत असेल, तर नेमकी कोणती अट गळली हे रिव्ह्यू करणाऱ्याला हुडकत बसावं लागतं.

ओळी पाडल्या की आजूबाजूच्या कोडचं इंडेंटेशन बिघडतं, ही तक्रार पूर्वी रास्त होती. पीएचपीत अनेक ओळींची स्ट्रिंग लिहायच्या हिअरडॉकची शेवटची खूण ओळीच्या अगदी सुरुवातीलाच द्यावी लागे. 2018 मध्ये आलेल्या 7.3 आवृत्तीने ती सक्ती काढली. पायथॉनमध्ये तिहेरी अवतरणचिन्हं आहेत, जावात 15व्या आवृत्तीपासून टेक्स्ट ब्लॉक आहेत. म्हणून स्ट्रिंगचे तुकडे जोडून क्वेरी रचू नकोस. मधली एक स्पेस राहिली की टेबलाचं नाव आणि व्हेअर एकमेकांना चिकटतात. त्याहून वाईट म्हणजे जोडाजोडीची सवय लागली, की वापरकर्त्याने टाइप केलेला मजकूरही तसाच जोडला जातो आणि एसक्यूएल इंजेक्शनला दार उघडतं. व्हॅल्यू प्लेसहोल्डरनेच दे. पीएचपीत हिअरडॉकऐवजी नाउडॉक वापरलास, तर व्हेरिएबल चुकूनही आत शिरणार नाही.

ओआरएम असताना हे कशाला, असंही तू म्हणशील. साध्या क्वेरी तो लिहील. पण चार टेबलं जोडणारा रिपोर्ट बहुधा हातानेच लिहावा लागतो, आणि चुकाही तिथेच होतात. फॉर्मॅटरवरही विसंबू नकोस, कारण कोड नीट लावणारी बरीचशी टूल्स स्ट्रिंगच्या आतल्या मजकुराला हात लावत नाहीत.

कॉमा ओळीच्या सुरुवातीला की शेवटी, यावर वाद घालू नकोस. टीमची रीत पाळ. पण एका ओळीत चार अटी कोंबलेली क्वेरी रिव्ह्यूला आली, तर ती मंजूर करू नकोस, मग ती तुझ्या सीनियरची का असेना.

तुझा,
काका