‘वारसा यादीत’ म्हणजे नेमके कुठे?

प्रश्न : पदवीचे विद्यार्थी कातळशिल्पांवर प्रकल्प करताना व्हॉट्सॲपवरचा मजकूर किंवा चॅटबॉटचे उत्तर जसेच्या तसे उतरवतात. माहिती पारखायला कसे शिकवू? – एक प्राध्यापिका, लांजा

उत्तर : विषय तुमच्या सड्यावरचाच आहे, हे बरेच झाले. व्याख्यान देऊ नका, एक वाक्य द्या : ‘कोकणातील कातळशिल्पे युनेस्कोची जागतिक वारसा स्थळे झाली.’ मग मुलांना थेट युनेस्कोच्या संकेतस्थळावर पाठवा. तिथे दिसेल की 2022 मध्ये ही कातळशिल्पे तात्पुरत्या यादीत गेली. ती केवळ संभाव्य नामांकनाची यादी, अंतिम दर्जा नव्हे. त्यातली नऊ ठिकाणेही मोजायला लावा : बारसू, देवीहसोळ, उक्षी, कशेळी अशी सात रत्नागिरीतली, कुडोपी सिंधुदुर्गातले, फणसायमळ गोव्यातले.

दुसरा धडा वयाचा. कुणी दहा हजार वर्षे लिहितो, कुणी वीस हजार. उघड्या जांभ्यावर कोरलेल्या रेघेचे वय थेट मोजणे अवघड असते, म्हणून ‘हा आकडा कोणी, कशावरून काढला?’ हे लिहिल्याशिवाय तो स्वीकारू नका. चॅटबॉटला प्रश्न विचारायला माझी हरकत नाही. पण त्याने दिलेला संदर्भ उघडून पाहिलाच पाहिजे, कारण अस्तित्वात नसलेली पुस्तकेही तो बिनदिक्कत सांगतो.

फोटोखाली छायाचित्रकाराचे नाव हवे. आणि कुंपण नसलेल्या शिल्पाचे अचूक लोकेशन समाजमाध्यमांवर टाकू नका, एवढे मुलांना आवर्जून सांगा.