संदेशाला लागणारा वेळ : मोजावा कसा, सांगावा कुणाला?

आज कापडाच्या ठोक व्यापाऱ्यापासून चामड्याच्या पिशव्या शिवणाऱ्या कारागिरापर्यंत प्रत्येकाचा धंदा कुठे ना कुठे इंटरनेटच्या तारेला बांधलेला आहे. जीएसटीचे बिल, यूपीआयचा भरणा, दुबईच्या गिऱ्हाइकाला व्हिडिओ कॉलवर दाखवलेला माल, हे सारे त्या तारेवरूनच जाते. जोडणी घेताना मात्र आपण एकच प्रश्न विचारतो, "किती एमबीपीएस?" विक्रेता आकडा सांगतो, आपण पैसे मोजतो. संदेश पोहोचून उत्तर परत यायला किती वेळ लागेल, हे आपण विचारत नाही आणि तोही सांगत नाही.

माप हा आपल्याकडे केवळ व्यवहाराचा नव्हे, दीनचाही विषय आहे. कुरआनातील सूरह अल-मुतफ्फिफीनचे नावच मापात कसूर करणाऱ्यांवरून पडले आहे. काटा खरा असावा हे जितके आवश्यक, तितकेच तो देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही दिसावा हे आवश्यक. दूरसंचारातील विलंब हेसुद्धा एक मापच आहे. विलंब कशाने होतो, तो मोजतात कसा आणि मोजलेला आकडा इतरांना का सांगावा लागतो, हे या लेखात आपण पाहू.

ट्रक मोठा, म्हणून लवकर पोहोचत नाही

मालेगावहून भिवंडीला कापड आणायचे आहे. मोठा ट्रक लावला तर एका खेपेत जास्त तागे येतील. पण त्यामुळे तो कसारा घाट लवकर उतरणार नाही. एमबीपीएस म्हणजे ट्रकचे आकारमान. विलंब म्हणजे वाटेत गेलेला वेळ. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत.

हा वेळ चार ठिकाणी जातो. पहिला, रस्त्याच्या अंतरात. काचेच्या तंतूतून, म्हणजे फायबरमधून, प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे दर १००० किलोमीटरला ५ मिलिसेकंद. (एका सेकंदाचे हजार भाग केले की त्यातील एक भाग म्हणजे मिलिसेकंद.) दुसरा, माल चढवण्यात. १५०० बाइटचे एक पाकीट १० एमबीपीएसच्या तारेवर चढवायला १.२ मिलिसेकंद लागतात, १०० एमबीपीएसच्या तारेवर ०.१२. तिसरा, टोलनाक्यावरच्या रांगेत. एकाच जोडणीवर कुणी सिनेमा उतरवून घेत असेल, तर आपल्या बिलाचे पाकीट त्याच्या मागे उभे राहते. चौथा, नाक्यावर कागद तपासण्यात, म्हणजे वाटेतील प्रत्येक यंत्राला पत्ता वाचून दिशा ठरवायला लागणारा वेळ.

जास्त एमबीपीएसचा प्लॅन घेतल्याने दुसरा भाग घटतो आणि कधी कधी तिसरा. पहिला भाग पैशाने घटत नाही. मुंबई-दुबई अंतर सुमारे २००० किलोमीटर धरले तर जाऊन-येऊन किमान २० मिलिसेकंद लागणारच. भूस्थिर उपग्रह जमिनीपासून सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. त्याच्यामार्फत एका बाजूचा आवाज दुसऱ्या बाजूला पोहोचायलाच जवळजवळ पाव सेकंद जातो. उपग्रहावरून बोलताना दोघे एकदम बोलू लागतात आणि दोघेही एकदम थांबतात, ते यामुळेच. बोलण्याच्या सोयीसाठी एका दिशेचा विलंब १५० मिलिसेकंदांच्या आत असावा आणि ४०० च्या पुढे जाऊ नये, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीचा दंडक आहे.

एक घड्याळ की दोन?

विलंब मोजण्याची सर्वांत सोपी रीत म्हणजे हाक मारून प्रतिसादाची वाट पाहणे. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या एका प्रयोगशाळेत माइक म्यूस यांनी यासाठी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुडी शोधणाऱ्या यंत्राच्या आवाजावरून त्याचे नाव 'पिंग' ठेवले. आपले पाकीट जाते, समोरचे यंत्र ते परत पाठवते आणि आपलेच घड्याळ जाण्या-येण्याचा एकूण वेळ सांगते. एकच घड्याळ असल्याने चूक कमी.

पण जाताना किती वेळ लागला आणि येताना किती, हे पिंगवरून कळत नाही. जाण्याची वाट मोकळी आणि येण्याची वाट तुंबलेली असू शकते. ते वेगळे मोजायचे तर दोन्ही टोकांना घड्याळ हवे आणि दोन्ही घड्याळे जुळलेली हवीत. मोहल्ल्यातील दोन मशिदींत जमाअतची वेळ एकच असूनही घड्याळे दोन मिनिटांनी पुढेमागे असली, तर एकीकडे तकबीर झालेली असते आणि दुसरीकडे लोक अजून वुजू करत असतात. तारेवर तर दोन मिनिटे नव्हे, दोन मिलिसेकंदांचा फरकही हिशेब बिघडवतो.

जाळ्यावरची घड्याळे जुळवण्याची पद्धत डेव्हिड मिल्स यांनी घालून दिली. तिचा मसुदा १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. तिच्यातही एक गृहीत आहे, ते म्हणजे जाण्या-येण्याला सारखाच वेळ लागतो. जिथे तो सारखा नसतो, तिथे फरकाच्या निम्मी चूक घड्याळात शिरते. म्हणून जिथे काटेकोर मोजमाप लागते तिथे उपग्रहावरून वेळ घेणारी जीपीएस यंत्रे बसवतात. एका दिशेचा विलंब म्हणजे नेमके काय, तो कुठून कुठपर्यंत धरायचा, याची सर्वमान्य व्याख्या १९९९ मध्ये झाली. दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांनी तो एकाच रीतीने मोजावा यासाठीचे नियम २००६ आणि २००८ मध्ये आले. सेर आणि किलो एकत्र मांडून बेरीज होत नाही, तसाच हा प्रकार.

आणखी एक सावधगिरी. सरासरीवर विसंबू नये. दहापैकी नऊ पाकिटांना २० मिलिसेकंद लागले आणि एकाला ४२०, तर सरासरी ६० येते. ६० हा वेळ प्रत्यक्षात एकदाही लागलेला नसतो! म्हणून सर्वांत कमी, मधला आणि सर्वांत जास्त, असे तीन आकडे पाहावेत. सर्वांत कमी आकडा रस्त्याचे अंतर सांगतो, बाकीचे दोन रांगेची स्थिती सांगतात.

बाजारभावासारखी वाटलेली माहिती

मोजलेला आकडा पेटीत ठेवून उपयोग नाही. जाळ्यातील प्रत्येक केंद्राला फक्त आपल्या शेजारच्या तारा दिसतात. पुढची वाट कशी आहे हे इतरांनी सांगितले तरच संदेश योग्य वाटेने पाठवता येतो.

याचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या अर्पानेट या जाळ्यात १९७९ मध्ये झाला. प्रत्येक केंद्र आपल्या तारांवरचा विलंब मोजी, १० सेकंदांची सरासरी काढी आणि त्यात लक्षणीय बदल झाला की बाकी सर्व केंद्रांना कळवी. वर्दळ कमी असताना हे उत्तम चालले. वर्दळ वाढली तेव्हा निराळेच घडू लागले. लासलगावला कांद्याला चांगला भाव आहे हे कळताच सारे ट्रॅक्टर तिकडे वळतात, आवक वाढून भाव पडतो. मग सारे पिंपळगावकडे धावतात आणि तिथेही तेच होते. तसेच जी तार मोकळी जाहीर होई तिच्यावर सारे संदेश तुटून पडत. ती तुंबे, तोवर दुसरी रिकामी होई आणि सारे पुन्हा तिकडे धावत. खरी माहितीसुद्धा उतावळेपणाने वापरली तर घोळ होतो, हा यातील धडा. १९८७ मध्ये नियम सुधारले आणि एका वेळी आकडा किती बदलू शकेल यावर मर्यादा घातली.

हाच धडा गिरवून २०१५ मध्ये नवे नियम ठरले. त्यांनुसार राउटर आपल्या प्रत्येक तारेचा सरासरी, किमान व कमाल विलंब, त्यातील चढउतार आणि हरवलेल्या पाकिटांचे प्रमाण शेजाऱ्यांना सांगू शकतात. आकडा मायक्रोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागात असतो. मोजणी वारंवार, पण घोषणा बेताने, अशी शिस्त आहे. ठरलेल्या मर्यादेबाहेर विलंब गेला तर धोक्याची एक खूणही सोबत जाते.

ही झाली एका कंपनीच्या अंगणातली गोष्ट. एका कंपनीचे जाळे दुसरीला आतले आकडे सहसा दाखवत नाही. ही उणीव काही अंशी भरून काढण्यासाठी युरोपातील राइप एनसीसी या संस्थेने २०१० मध्ये 'राइप अ‍ॅटलास' सुरू केले. स्वयंसेवक आपल्या घरी-कचेरीत एक छोटे यंत्र लावतात, ते जगभर विलंब मोजत राहते आणि निकाल सर्वांना खुले असतात.

माहिती वेळेवर सांगण्याचा उपयोग ६ सप्टेंबर २०२५ रोजी दिसला. जेद्दाजवळ तांबड्या समुद्रातील केबल तुटल्या. त्यांत मुंबईला येणाऱ्या दोन केबल होत्या, 'सी-मी-वी ४' आणि 'आयएमईडब्ल्यूई'. मायक्रोसॉफ्टने त्याच दिवशी आपल्या ग्राहकांना कळवले की मध्यपूर्वेतून जाणारी वाहतूक दुसऱ्या वाटांनी वळवली असून विलंब वाढू शकतो. ज्याला हे कळले त्याने आपल्या दुकानातला राउटर खोलला नाही.

काफिल्याला गावाबाहेर गाठणे

फिकहच्या ग्रंथांत 'तलक्की अर-रुकबान' या नावाने एक मनाई येते. माल घेऊन येणाऱ्या काफिल्याला गावाबाहेरच गाठू नये, त्याला बाजारभाव कळण्याआधीच त्याच्याशी सौदा करू नये. एकाला भाव आधी कळला आणि दुसऱ्याला नंतर, तर सौदा बरोबरीचा राहत नाही, हे त्यामागचे कारण.

मिलिसेकंदांच्या जगात हाच प्रश्न नव्याने उभा राहिला. २०१० मध्ये शिकागो आणि न्यूयॉर्कच्या बाजारांदरम्यान डोंगर फोडून शक्य तितकी सरळ केबल टाकण्यात आली. जाण्या-येण्याचा वेळ सुमारे १३ मिलिसेकंदांवर आणला आणि तीन-चार मिलिसेकंदांच्या त्या फायद्यासाठी दलालांनी मोठी रक्कम मोजली. उलट आयईएक्स या शेअर बाजाराने, ज्याला २०१६ मध्ये अधिकृत बाजाराचा दर्जा मिळाला, सुमारे ६१ किलोमीटर तंतूचे वेटोळे करून येणारी प्रत्येक मागणी ३५० मायक्रोसेकंद मुद्दाम रोखली, जेणेकरून जवळ बसलेल्याला आगाऊ लाभ मिळू नये. यातल्या कोणत्या व्यवहाराचा शरई हुकूम काय, हे सांगणे उलमांचे काम. आम्ही एवढेच म्हणू की विलंब लपलेला राहिला तर त्याचा फायदा नेहमी एकाच बाजूला जातो.

दुकानात काय करावे?

भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २००६ च्या ब्रॉडबँड नियमांतच विलंबाच्या मर्यादा घातल्या होत्या. आपल्या कंपनीच्या केंद्रापासून आंतरराष्ट्रीय गेटवेपर्यंत १२० मिलिसेकंद, परदेशातील जवळच्या केंद्रापर्यंत केबलने ३५० आणि उपग्रहाने ८००. २०२४ मध्ये या नियमांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्यांतही विलंबाचा निकष आहे. म्हणजे विलंबाबद्दल विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे, हट्ट नव्हे.

त्यासाठी एक साधी वही घालावी. आठवडाभर रोज तीन वेळा, फज्रनंतर, जुहरनंतर आणि इशानंतर, पिंग घ्यावा. संगणकावर तो घेता येतो आणि वेग मोजणाऱ्या मोबाइल अ‍ॅपमध्येही 'पिंग'चा आकडा दिसतो. आधी आपल्या दुकानातील राउटरला, मग बाहेरच्या एखाद्या नेहमीच्या पत्त्याला. तारीख, वेळ, वायफाय की तार, किमान-मधला-कमाल आकडा आणि हरवलेली पाकिटे लिहावीत. राउटरपर्यंतच उशीर होत असेल तर दोष घरचा आहे. राउटरची जागा बदलावी किंवा तार लावावी. फज्रला ठीक आणि इशाला खराब असेल तर कुठेतरी रांग लागते आहे. आपल्याच जोडणीवर त्या वेळी काय चालते ते पाहावे. ते बंद करूनही फरक पडला नाही, तर रांग कंपनीकडे आहे. नेहमी सारखाच जास्त असेल तर वाट लांबची आहे. एक ध्यानात ठेवावे, वाटेतील राउटर पिंगला उत्तर देणे दुय्यम काम समजतात. मधल्या एकाचे उत्तर उशिरा आले, पण शेवटचे वेळेवर आले, तर तो दोष धरू नये.

यूपीआयच्या बाबतीत हा हिशेब विशेष उपयोगी पडतो. गिऱ्हाईक म्हणते पैसे गेले, आपला साउंडबॉक्स गप्प. दोघांच्या मनात बदगुमानी येते. पिंग ३० मिलिसेकंद असेल आणि भरण्याला २० सेकंद लागत असतील, तर फरक शेकडो पटींचा आहे. तारेचा दोष नाही, वेळ बँकांच्या यंत्रणेत जातो आहे. अशा वेळी महागडा इंटरनेट प्लॅन घेणे म्हणजे पैसा वाया घालवणे. जून २०२५ मध्ये यूपीआय व्यवहाराची स्थिती तपासण्याची कालमर्यादा ३० सेकंदांवरून १० सेकंदांवर आणली गेली. तेव्हा गिऱ्हाइकाला दुसऱ्यांदा पैसे पाठवायला सांगण्यापूर्वी व्यवहाराची स्थिती तपासून घ्यावी.

दोष कंपनीकडे आहे असे वहीवरून दिसले तर "नेट स्लो आहे" एवढेच सांगू नये. आकडे व वेळा देऊन तक्रार नोंदवावी, तक्रार क्रमांक घ्यावा आणि दाद न मिळाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जावे. एका गल्लीतील पाच दुकानदारांनी एकाच रीतीने घातलेल्या पाच वह्या एकत्र ठेवल्या, तर दोष एका दुकानाचा की साऱ्या गल्लीचा, हे लगेच समजते. मोठमोठी जाळी जे करतात ते हेच. मोजणी एका पद्धतीने करावी, आकडा खरा सांगावा आणि शेजाऱ्याचा आकडाही ऐकावा. इन्शाअल्लाह, एवढ्याने निम्मे वाद काउंटरवरच मिटतील.