एमेंटालचें शेतकरी-घर

स्वित्झर्लंडांतील बर्न प्रांतांत एमे नदीच्या खोऱ्यास एमेंटाल म्हणतात. तेथील जुनीं शेतकरी-घरें मुद्दाम अभ्यासण्यासारखीं आहेत. कारण घराची बांधणी व जमिनीची व्यवस्था यांचा निकट संबंध त्यांत दिसून येतो.

घर लांकडी असून त्यावर एकच प्रचंड उतरतें छप्पर असतें. त्याच्या रुंद वळचणी पावसाबर्फापासून भिंतींचें रक्षण करितात. छपराखालीं एका अंगास माणसांची वस्ती, दुसऱ्या अंगास मळणीचें खळें व गोठा, आणि वर वाळल्या गवताचा माळा. घरास लागून मातीचा चढ किंवा पूल बांधून भरली गाडी थेट माळ्यावर नेतात. गवत वर चढविण्याचे श्रम वांचतात व तें खालीं गोठ्यांत टाकणें सोपें जातें. हिंवाळ्यांत गुरें महिनेच्या महिने बांधून ठेवावीं लागतात, तेव्हां या सोयीचें मोल कळतें. पूर्वीं स्वयंपाकघरास धुराडें नसे. वर चढणाऱ्या धुरांत मांस टांगून टिकवीत. बैठकीच्या खोलींतील भट्टी स्वयंपाकघरांतून पेटवीत, म्हणून खोलींत ऊब येई, धूर येत नसे.

धान्याचें कोठार मात्र घरापासून दूर असे. घरास आग लागली तरी धान्य व मौल्यवान वस्तु वांचाव्या, हा हेतु.

अंगणांत आणखी एक लहान घर असतें, त्यास ‘श्टोक्ली’ म्हणतात. आईबाप थकले कीं शेती मुलाच्या हातीं देऊन ते तेथें राहावयास जात. एमेंटालच्या रूढीप्रमाणें शेती सर्वांत धाकट्या मुलास मिळे, आणि ती अखंड मिळे. वडील भावंडांस मोबदला घेऊन अन्यत्र पोट भरावें लागे. कित्येकांच्या वांट्यास चाकरीच येई. १९१२ सालीं अंमलांत आलेल्या स्विस दिवाणी संहितेनेंही, शेती चालविण्यास योग्य अशा एका वारसास ती अखंड द्यावी व तिची किंमत उत्पन्नाच्या मानानें धरावी, असें तत्त्व स्वीकारलें.

एवढें मोठें छप्पर, एवढा माळा व एवढा गोठा यांस पुरेल इतकी जमीन एकत्र राहिली, म्हणूनच तीं घरें टिकलीं. त्या टिकाऊपणाची किंमत घर सोडून गेलेल्या भावंडांनीं भरली, हेंही विचारी शेतकऱ्यानें त्या घराची वाखाणणी करितांना ध्यानांत ठेवावें.