भाव करण्याचे बळ

परदेशी सुट्या भागांचा भाव करताना बीजकातील आकडा पुरत नाही. जहाजभाडे, विमा, आयात-जकात आणि चलनाचा दर मिळवूनच खरी किंमत निघते. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्समध्ये आरंभी क्रायस्लरचे आयात भाग जोडून मोटारी तयार होत. विकणारा एकच असला, तर घासाघीस कसली? १९५३ साली टॅरिफ कमिशनने भाग येथेच बनविण्यावर भर दिला. भाग स्वतः बनविता आला म्हणजे त्याचा खर्च कळतो आणि परक्याशी बरोबरीने बोलता येते. आपल्या लामत्यातही ज्याच्या परसात वांगी पिकतात, त्याला भाजीवाली अवाच्या सवा भाव सांगत नाही. म्हणून मुलांना हिशेबाबरोबर हातचे कसबही आपण शिकवावे.