काटक, कणखर की चिवट? : एका नेच्याच्या निमित्ताने

अनुवादाच्या तासाला यंदा मी पॉलिस्टिकम लोंकिटिस या नेच्यावरचा इंग्रजी उतारा दिला. युरोप, उत्तर अमेरिका, हिमालय येथील थंड डोंगरांत, खडकांच्या फटींत हा नेचा वाढतो. पाने जाड, चामड्यासारखी, कडांना टोचणारे दाते. हिवाळाभर बर्फाखाली दबूनही ती हिरवीच राहतात. लिनिअसने १७५३ साली दिलेले ‘लोंकिटिस’ हे नाव भाल्यावरून आले आहे. म्हणून एकाने ‘भालनेचा’ असा शब्द केला. मला तो आवडला.

अडचण आली ती ‘हार्डी’ या साध्या विशेषणाची. वर्ग प्राणहितेच्या अलीकडचा, बेज्जूर भागातल्या मुलांचा. घरी मराठी, बाहेर तेलुगू, काहींची गोंडी. बर्फ त्यांनी पाहिला तो गोळ्याचा. बहुतेकांनी शब्दकोशातून ‘कणखर’ उचलला. एका मुलीने ‘चिवट’ लिहिले आणि मी, वर्षानुवर्षांच्या सवयीने, त्यावर लाल रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी ती जुन्या विहिरीच्या दगडांतून मयूरशिखेचा झुबका घेऊन आली. हाही नेचाच, पण आपल्याकडच्या उन्हातला. पाने वाळून मुठीसारखी आवळलेली. वाटीत पाणी घालून तो ठेवला. सकाळी मोराच्या पिसाऱ्यासारखा उलगडला होता. ती म्हणाली, “सर, हिला कणखर कसं म्हणायचं? ही तर मेल्याचं सोंग घेते.”

तिचे बरोबर होते. कणखर म्हणजे न वाकणारा. आपण तो शब्द बाण्याला, नेतृत्वाला लावतो. काटक माणूस अंगाने किरकोळ, पण उन्हातान्हात कामाला मागे हटत नाही. चिवट ते, जे तुटता तुटत नाही, दबते आणि पुन्हा उठते. ताप चिवट असतो, आशाही. बर्फाखाली हिरवा राहणारा तो काटक, वाळून परतणारी मयूरशिखा चिवट. इंग्रजीने दोघांना एकाच शब्दात बसवले, म्हणून आपणही बसवावे असे नाही. (‘बीजुक’ की ‘बीजाणू’ हा वाद तर विश्वकोश आणि पाठ्यपुस्तके यांच्यातच मिटलेला नाही.)

उताऱ्यात ‘काटक’ ठेवला. तिच्या वहीतली लाल रेघ मात्र मी खोडली, कारण तिचा शब्द चुकला नव्हता. तिच्या डोळ्यांसमोर वनस्पती दुसरी होती, आणि माझ्यासमोर एकही नव्हती.