जुनी ‘फोर बाय फोर’ गाडी घेताना : गरज, यंत्र, कागद आणि व्यवहार

आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंपैकी पुष्कळांचा धंदा डांबरी रस्ता संपतो तेथून पुढे चालतो. कोणी आठवडी बाजाराला कापडाचे गठ्ठे नेतो, कोणी वाडीवस्तीवर पंप बसवतो, कोणी आंबा-काजूच्या बागा करार करून घेतो, तर कोणी घाटमाथ्यावर फर्निचर पोहोचवतो. पावसाळ्यात लाल मातीचा रस्ता निसरडा झाला की साधी गाडी चढावरच थांबते. शिवाय आठवड्याचे काम आटोपल्यावर मुलाबाळांना घेऊन एखाद्या नदीकाठी किंवा गडाच्या पायथ्यापर्यंत जावे, अशी हौसही असते. अशा वेळी चारही चाकांना ओढ असलेल्या गाडीचा विचार मनात येतो. नव्या गाडीची किंमत दहा लाखांच्या वर जाते, म्हणून नजर जुन्या गाडीकडे वळते. मात्र जुनी गाडी पारखून घेतली नाही तर स्वस्त ते महागात पडते, आणि धंद्याचे भांडवल गॅरेजच्या दारात अडकून पडते. या लेखात अशी गाडी कशी निवडावी याची क्रमाने माहिती दिली आहे.

आधी गरज तपासा

नुसत्या खडबडीत कच्च्या रस्त्यासाठी चारही चाकांची ओढ लागतेच असे नाही. गाडी जमिनीपासून पुरेशी उंच असेल, टायर चांगले असतील आणि चालक जाणता असेल तर मागच्या दोन चाकांवर चालणारी गाडीही बरेच काम करते. चिखल, वाळू, ओला चढ आणि सैल दगडगोट्यांची उतरण येथे मात्र फरक पडतो. वर्षातून असे दिवस किती येतात ते वहीत मांडावे. दोन-चारच येत असतील तर त्या दिवसांपुरती गाडी भाड्याने घेणे परवडते. दर आठवड्याला गरज पडत असेल तरच खरेदीचा विचार करावा. या गाडीत यंत्राचे भाग जास्त असतात, त्यामुळे इंधन आणि दुरुस्ती दोन्हींचा खर्च अधिक येतो, हे धरून चालावे.

ओढ कशी चालते?

गिअरबॉक्समागे ‘ट्रान्सफर केस’ नावाची आणखी एक पेटी असते. इंजिनाची ताकद ती पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही आसांकडे वाटते. तिचे साधारण तीन टप्पे असतात. ‘टू एच’मध्ये फक्त मागची चाके ओढतात. ‘फोर एच’मध्ये चारही चाके नेहमीच्या वेगाने ओढतात. ‘फोर एल’मध्ये वेग दोन-अडीच पटीने कमी होतो आणि ओढ तितक्याच प्रमाणात वाढते. अवघड चढउतारासाठी खरा उपयोग या तिसऱ्या टप्प्याचा. काही गाड्यांवर ‘ऑल व्हील ड्राइव्ह’ असे लिहिलेले असते, पण त्यांत हा टप्पा नसतो. २०१४ साली आलेली चारही चाकांच्या ओढीची ‘डस्टर’ अशीच आहे. निसरड्या रस्त्याला ती उत्तम, परंतु दगडधोंड्यांच्या चढाला तिची मर्यादा ओळखावी.

एक नियम पक्का लक्षात ठेवावा. आपल्याकडील बहुतेक जुन्या गाड्यांत पुढचा आस आणि मागचा आस एकमेकांशी घट्ट जोडला जातो. वळणावर पुढची व मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. मातीत चाक थोडे घसरून हा फरक भरून काढते, कोरड्या डांबरावर ते शक्य होत नाही, आणि सारा ताण गिअर व शाफ्टवर येतो. म्हणून कोरड्या पक्क्या रस्त्यावर ‘फोर एच’ किंवा ‘फोर एल’ लावू नये. आधीच्या मालकाने हा नियम पाळला नसेल तर नुकसान तुमच्या पदरी येते.

कोणत्या गाड्या पाहाव्यात?

महिंद्रची जीप : १९४५ साली ‘महिंद्र अँड मोहम्मद’ या नावाने ही कंपनी निघाली. तिचे भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले व तेथील पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. तिच्या ‘एमएम ५४०’ व ‘एमएम ५५०’ या डिझेल जीप आजही खेड्यापाड्यांत दिसतात. यंत्र साधे असल्याने तालुक्याचा मिस्त्रीही ती खोलू शकतो. आराम मात्र कमी, आणि वय जास्त.

‘जिप्सी’ : मारुतीची ही पेट्रोल गाडी १९८५ च्या अखेरीस आली. आधी एक लिटरच्या आसपासचे इंजिन होते, १९९६ पासून १.३ लिटरचे आले. सामान्य ग्राहकांसाठी ती २०१९ च्या सुमारास बंद झाली. वजन एक टनाच्या आसपास, त्यामुळे चिखलात ती कमी रुतते. पाटे कडक असल्याने धक्के बसतात, पेट्रोलही बरेच पिते. हौशी लोकांत मागणी असल्याने वयाच्या मानाने भाव चढा असतो.

पहिली ‘थार’ : २०१० मध्ये आली. कॉमन रेल डिझेल इंजिन आणि ‘फोर एल’ असलेली ही गाडी धंदा व हौस दोन्हींना बरी. मात्र तिचे दोन चाकांच्या ओढीचे प्रकारही विकले गेले. २०२० च्या नव्या थारलाही २०२३ पासून मागच्या दोन चाकांवर चालणारा स्वस्त प्रकार मिळू लागला. नावावर जाऊ नये, खाली वाकून पुढचा आस पाहावा.

‘स्कॉर्पिओ’, ‘सफारी’, ‘बोलेरो’ : कुटुंब मोठे असेल तर जुन्या स्कॉर्पिओचे किंवा १९९८ पासून २०१९ पर्यंतच्या सफारीचे ‘फोर बाय फोर’ प्रकार पाहावेत. २०२१ नंतरची सफारी फक्त पुढच्या चाकांवर चालते, हे ध्यानात असू द्यावे. माल न्यायचा असेल तर बोलेरो कॅम्परच्या चारचाकी ओढीच्या प्रकाराचा विचार करावा.

‘गुरखा’ : फोर्स कंपनीच्या या गाडीला पुढे-मागे ‘डिफरन्शियल लॉक’ मिळतो. एक चाक अधांतरी राहिले तरी दुसरे ओढत राहते. जुन्या बाजारात ती कमी दिसते. सुटे भाग आपल्या जिल्ह्यात मिळतात का, ते आधी विचारून घ्यावे.

सारांश, ज्या गाडीचा मिस्त्री आणि सुटा भाग आपल्या तालुक्यात मिळतो तीच गाडी आपल्याला स्वस्त.

पाहणी कशी करावी?

गाडी दिवसा, पाऊस नसताना आणि इंजिन थंड असताना पाहावी. बॉनेटला हात लावून पाहावा. गरम लागले तर विक्रेत्याने ती आधीच सुरू करून ठेवली होती, असे समजावे. आपला मिस्त्री बरोबर न्यावा व त्याची मजुरी खुशीने द्यावी. दलालाने आणलेला मिस्त्री चालत नाही.

१) चेसिस : किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर कुजते. पाटे जेथे जोडलेले असतात तेथे भेगा, नवे वेल्डिंग किंवा ताजा काळा रंग दिसतो का ते पाहावे. स्क्रूड्रायव्हरने ठोकावे. आवाज बद्द आला किंवा टोक आत गेले तर सौदा तेथेच थांबवावा. इंजिन बदलता येते, कुजलेली चेसिस सांभाळता येत नाही.

२) इंजिन : निळा धूर म्हणजे ऑइल जळते, थंडपणाचा काळ संपल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर संशय घ्यावा. इंजिन चालू असताना ऑइलचे झाकण उघडून पाहावे. हवा जोराने बाहेर फेकली जात असेल तर रिंगा झिजल्या आहेत.

३) ट्रान्सफर केस : मोकळ्या मातीच्या मैदानात तिन्ही टप्पे लावून पाहावेत. ‘फोर एल’ गाडी उभी करून लावावा. काही जुन्या गाड्यांत पुढच्या चाकांच्या हबवर हाताने फिरवायची कळ असते, ती लावल्याशिवाय पुढची चाके ओढत नाहीत. एकाने बाहेर उभे राहून पुढची चाके माती उकरतात का ते पाहावे. टप्पा आपोआप सुटत असेल किंवा खडखडाट होत असेल तर खर्च मोठा आहे.

४) गिअर ऑइल : दोन्ही डिफरन्शियलमधले थोडे ऑइल काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर आत पाणी गेले आहे. लोखंडाची चमकी दिसली तर दाते झिजले आहेत.

५) पुराची गाडी : २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण व महाडमध्ये असंख्य वाहने पाण्याखाली गेली. अशा गाड्या धुऊनपुसून दूरच्या बाजारात विकल्या जाऊ शकतात. सीटचा पट्टा पूर्ण बाहेर ओढावा, शेवटच्या टोकाला गाळाचा डाग राहतो. गालिचा उचलावा, सीटखालचे बोल्ट व वायरींचे जोड पाहावेत.

६) टायर व स्टिअरिंग : चारही टायर एकाच मापाचे आणि सारखे झिजलेले हवेत. बाजूवरचा चार आकडी शिक्का वाचावा. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. वेग वाढल्यावर स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढच्या आसाचे काम निघते.

कागदपत्रे : खरी जोखीम येथे

यंत्रातील चूक पैशांनी सुधारते, कागदाची चूक कोर्टात नेते. चेसिसवरचा व इंजिनवरचा नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून पाहावा. जुन्या जीपच्या बाबतीत ही काळजी दुप्पट घ्यावी, कारण लष्करी लिलावातील सुटे भाग जोडून तयार केलेल्या जीपही बाजारात येतात. एका गाडीचे कागद आणि दुसऱ्या गाडीचा सांगाडा असा प्रकार असेल तर गाडी जप्त होऊ शकते.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण करावे लागते, शिवाय आपल्या राज्यात पर्यावरण कर भरावा लागतो. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये झाले आणि २० वर्षांवरील गाड्यांसाठी ते २०२५ मध्ये आणखी वाढवण्यात आले. गाडी १४ वर्षांची असेल तर हा खर्च विक्रेत्याच्या किमतीतून वजा धरावा.

दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर हरित लवादाने २०१४-१५ मध्ये निर्बंध घातले व सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ते उचलून धरले. २०२५ मध्ये त्यात काही सूट मिळाली. या काळात तिकडच्या गाड्या स्वस्तात इतर राज्यांत गेल्या. अशी गाडी घेताना ना-हरकत दाखला, येथला कर आणि नवा नंबर, असा सगळा खर्च जोडून मगच तिला स्वस्त म्हणावे.

मालकी बदलासाठी फॉर्म २९ व ३० लागतात. कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ व वित्तसंस्थेचा दाखला आधी हाती घ्यावा. नुसत्या सह्या घेऊन फॉर्म कपाटात ठेवण्याची आपल्याकडची सवय घातक आहे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले की, गाडी हातोहात कितीही वेळा विकली गेली तरी आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव आहे तोच अपघाताच्या भरपाईला जबाबदार. म्हणून विकणाऱ्याचे हितही नाव बदलण्यातच आहे. विम्यावरचे नावही १४ दिवसांच्या आत बदलून घेण्यासाठी अर्ज द्यावा.

उंची वाढवलेली, इंजिन बदललेली, मोठी चाके लावलेली गाडी डोळ्यांत भरते. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीवाचून असे बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. अपघात झाल्यास विमा कंपनीला हात वर करायला निमित्त मिळते.

व्यवहार साफ असावा

आपल्या शरीअतमध्ये मालातला ऐब लपवणे हा धोका मानला आहे. वरून कोरडे व आतून ओले धान्य विकणाऱ्याला हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी कसे खडसावले, हा प्रसंग सर्वांना माहीत आहे. जुन्या गाडीला वरून रंग देऊन आतली भेग झाकणे हे त्याच ओल्या धान्यासारखे आहे. म्हणून विक्रेत्याने ऐब सांगावा आणि खरेदीदारानेही खोटी खोट काढून भाव पाडू नये. घ्यायची नसताना बोली वाढवणाऱ्या दलालाच्या साथीदारालाही शरीअतने मनाई केली आहे. ऐब निघाल्यास माल परत करण्याचा हक्क फिकहमध्ये आहे, तसेच ठरावीक मुदतीचा ‘खियार’ आधी ठरवून घेता येतो. तीन दिवसांची मुदत लेखी ठेवावी. ‘जशी आहे तशी’ असे लिहून दिले-घेतले तर हा हक्क कमजोर होतो, म्हणून त्या तीन शब्दांवर सही करण्यापूर्वी विचार करावा.

पैशांचे गणितही आधी मांडावे. समजा, हाताशी पाच लाख आहेत. तर गाडी चार लाखांपर्यंतच पाहावी. उरलेल्या लाखात टायर, ऑइल, ब्रेक, विमा व नाव बदलण्याचा खर्च बसवावा. व्याजाच्या कर्जाने हौस पुरवण्यापेक्षा वर्षभर थांबून बचत करणे बरे. दोन भावांनी किंवा शेजाऱ्यांनी मिळून घ्यायची असेल तर कोणाचा वाटा किती, दुरुस्ती कोणाकडे, हे लिहून ठेवावे. देण्याघेण्याचे लिहून ठेवा, असा कुरआनचाच हुकूम आहे.

घेतल्यानंतर

पहिल्या महिन्यात सर्व ऑइल बदलावे. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर ‘फोर एच’ लावून थोडे अंतर चालवावे, म्हणजे यंत्र आखडत नाही. पाण्यातून किंवा खाऱ्या वाळूतून आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवावे. अनोळखी ओढ्यात आधी पायी उतरून खोली पाहावी, आणि वाहत्या पुरात गाडी घालूच नये. समुद्रकिनारी मनाई असेल तेथे, विशेषतः वेळास-आंजर्ल्यासारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर, चाक नेऊ नये. राखीव जंगलात परवानगीशिवाय शिरू नये. एकट्याने आडवाटेला न जाता दुसरी गाडी व ओढायचा दोर बरोबर ठेवावा.

तात्पर्य, आधी गरज, मग मिस्त्री, मग चेसिस, मग कागद आणि सर्वांत शेवटी रंग, या क्रमाने पाहणारा सहसा फसत नाही. बहुतेक लोक नेमके उलट्या क्रमाने पाहतात. आपल्या घामाचा हलाल पैसा आहे. चार गाड्या नाकारल्या तरी चालेल, पाचवी इन्शाअल्लाह बरकतीची ठरेल.